सपत्नीक

"काका, मान्य करून टाका. त्याने माणूस लहान होत नाही."

वकीलसाहेबांचा हा संदेश आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. सकाळचे सव्वासात. वाचक गटावर त्याआधी एकशे चौदा संदेश येऊन पडले होते. आमच्या गटाचे सरासरी वय बासष्ट. एवढ्या सकाळी एवढे संदेश दिसले की कोणीतरी गेले असेच आधी वाटते. मी फेस थुंकला आणि बेसिनला टेकून वाचू लागलो. कोणी गेले नव्हते. सगळे धडधाकट होते आणि माझ्याबद्दल बोलत होते.

आमचा गट म्हणजे वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमणारी चाळीस माणसे. महिन्याला एक पुस्तक, त्यावर तासभर चर्चा, मग चहा. संयोजक दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला लोक आधीच बिचकतात. वकीलसाहेब निवृत्त झाले, पण वकिली अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. आणि मी मुद्रितशोधक. चौतीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता घरी बसून काढतो. लोक मला माझ्या पाठीमागे 'वेलांटी' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि, खोटे कशाला बोला, आवडतेही.

झाले होते असे. सोमवारी ग्रंथपालबाईंनी सूचनापेटी उघडली. त्यात एरवी 'पंखा आवाज करतो' यापलीकडे काही निघत नाही. या वेळी टाइप केलेला एक कागद निघाला, खाली सही नाही. बाईंनी पहिली ओळ वाचली, कौतुकाचे पत्र असावे असे त्यांना वाटले, आणि त्यांनी फोटो काढून गटावर टाकला. पत्र असे होते :

'या गटात मी अकरा वर्षं येते. महिन्याला एक याप्रमाणे एकशे बत्तीस पुस्तकं झाली. मी सगळी वाचली. त्यांतल्या एकाही पुस्तकाबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. दोनदा मी बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदा चहा आला. दुसऱ्यांदा माझं वाक्य शेजारच्या माणसाने पूर्ण केलं आणि टाळ्या त्याला मिळाल्या. तेव्हापासून मी गप्प बसले. परंतु गेल्या महिन्यात संयोजकांनी कादंबरीतल्या आत्याला विधवा म्हटलं आणि तिच्या एकटेपणावर ते पंधरा मिनिटं बोलले. आत्याचा नवरा शेवटपर्यंत जिवंत आहे. शेवटच्या पानावर तो जेवतोसुद्धा. चाळीस माणसांनी माना डोलावल्या. आपण पुस्तकं वाचतो की एकमेकांचे चेहरे?'

सोमवारी संध्याकाळी हे वाचून मला हसू आले होते. मग आठवले की मान मीही डोलावली होती. ती कादंबरी मी ऐंशीव्या पानावर सोडली होती. पुढचे सगळे हिच्याकडून, म्हणजे बायकोकडून, ऐकले होते. आणि आत्याच्या नवऱ्याचे काय झाले ते विचारायचे राहून गेले होते.

मला वाटले होते, आता प्रत्येक जण आपण किती पाने वाचली ते मनाशी मोजेल. कसले काय! पत्रात काय लिहिले आहे यावर दोघे बोलले. कोणी लिहिले आहे यावर बाकीचे सगळे. डॉक्टरांनी फक्त एक शब्द टाकला, 'दुर्दैवी', आणि ते गप्प झाले. त्या एका शब्दाखाली तेवीस जणांनी हात जोडले. गट कुठे वळणार ते तेव्हाच ठरले होते. जो माणूस सगळ्यांत कमी बोलतो त्याच्याकडे बघून बाकीचे बोलत असतात, हे मी अकरा वर्षे पाहत आलो आहे. या वेळी मात्र पाहूनही मला उमगले नाही, कारण ते बोलणे माझ्या दिशेने येत होते.

'पुरावा एक,' वकीलसाहेबांनी लिहिले होते. 'पूर्ण पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आपल्यात असं कोण लिहू शकतं?'

'काका!!!' असे अकरा जणांनी लिहिले होते.

खरे सांगतो, क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. मग पुढचे वाचले. 'ज्या डॉक्टरांनी गट उभा केला त्यांच्याच पाठीत सुरा.' 'समोर बोलायची हिंमत नव्हती का?' एक शिक्षिका रोज सकाळी न चुकता फुलांचे चित्र पाठवतात. आज ते नव्हते.

मी ब्रश ठेवला आणि उभ्या उभ्याच लिहिले : 'अहो, पत्रात "मी येते" आहे, "मी गप्प बसले" आहे. बाईचे पत्र आहे हे. मी "येतो", मी "बसलो".'

'तेच तर!' वकीलसाहेब तयारच होते. 'काना काढला की "येतो"चं "येते" होतं, "बसलो"चं "बसले" होतं. दोन काने काढून पुरुषाची बाई करायची, हे सुचणार कोणाला? ज्याने आयुष्यभर काने-मात्रे मोजले त्यालाच.'

निर्दोष असणे हाच दोष ठरला की माणूस हतबल होतो. तरी मी म्हटले, अकरा वर्षे येणाऱ्या बायका शोधा. ग्रंथपालबाईंनी हजेरीची वही काढली. अकरा वर्षे येणारे आठ जण निघाले. सात पुरुष आणि त्या फुलांच्या शिक्षिका. त्या 'आणि'सुद्धा दीर्घ लिहितात, त्यामुळे त्यांना तिथल्या तिथे सोडून देण्यात आले. वहीच्या त्या पानाचा फोटोही आला. माझे नाव तिसरे होते, आणि त्याच्यापुढे अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी सुंदर अक्षरात लिहिलेले होते : 'सपत्नीक'. माझी नजर त्या शब्दावरून सरळ पुढे गेली. बरोबर लिहिलेला होता तो. बरोबर लिहिलेल्या शब्दावर मी कधीच थांबत नाही.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. 'मी जन्मात "पुस्तकं" लिहिलेले नाही. मी "पुस्तके" लिहितो. "वर्षे" लिहितो. छापखान्यात विचारा.' हे खरे आहे. शेवटी अनुस्वार देऊन बोलल्यासारखे लिहिणे मला आवडत नाही, आणि घरात यावरून आमचे चौतीस वर्षे वाजत आले आहे. ही म्हणते, "माणूस बोलतो तसं लिहावं." मी म्हणतो, "मग छापायचं कशाला, ओरडून सांगायचं."

उत्तर यायला अकरा मिनिटे लागली. मग एक फोटो आला. गेल्या वर्षी गटाची स्मरणिका निघाली, तिची प्रुफे मी तपासली होती. त्या दुरुस्त्यांची टाइप केलेली यादी. खाली माझे नाव. वकीलसाहेबांनी दोन ओळींखाली लाल रेघ मारली होती : 'दोन पानं उलटी लागली आहेत. मधली चित्रं फिकट आली आहेत.'

'पानं. चित्रं,' त्यांनी लिहिले. 'बोला काका.'

मी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. ती यादी माझ्या नावाने गेली होती आणि मी ती कधी वाचलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून बारीक टाइप माझ्यासमोर नाचतो. प्रूफ घरी आले की ही वाचते, चुका ही काढते, यादी ही टाइप करते. मी समोर बसून "हं, बरोबर" म्हणतो आणि खाली सही करतो.

वकीलसाहेबांचा पुरावा सोळा आणे खरा होता. ज्या हाताने यादी केली होती त्याच हाताने पत्र लिहिले होते.

ही आतल्या खोलीत इस्त्री करत होती. माझाच शर्ट होता.

"अगं, ते पत्र…"

"हो."

"हो काय?"

"हो, मी लिहिलं."

आता इथे मला थांबायला हवे. कारण गटाने जे केले ते मी सांगणारच आहे, पण पहिला नंबर माझा आहे. मी तिला विचारले, "कोणी सांगितलं तुला काय लिहायचं ते?"

तिने इस्त्री उभी केली. माझ्याकडे बघितले. रागाने नाही. कागदावर हव्या त्या जागी हवा तो शब्द आहे की नाही ते ती जशी बघते, तशी.

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

"तसं नाही गं, म्हणजे…"

"छापखान्याचं काम घरी आणायचात तेव्हापासून मूळ प्रत मोठ्याने कोण वाचतंय तुमच्यासमोर बसून? स्वल्पविरामासकट? तुम्ही नुसते कान देऊन खुणा करायचात. एवढं वाचून माणसाला एक पत्र लिहिता येणार नाही होय?"

मी पलंगाच्या कडेला बसलो. अचानक एक गोष्ट लक्षात आली. "तो शेजारचा माणूस…"

"तुम्हीच. दुसरं कोण बसतं माझ्या शेजारी?"

मला तो दिवस आठवेना. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. तिचे वाक्य, मी ते तोडले, टाळ्या. काहीच आठवेना. टाळ्या मिळालेल्या माणसाला असले काही आठवत नसावे.

"मग नाव का नाही घातलंस खाली?"

"नाव घातलं असतं तर पत्र कोणी वाचलं असतं?" तिने शर्टाची बाही उलटली. "पण तुमच्यावर आळ नको. मी सांगते त्यांना."

तिने तिथेच उभे राहून लिहिले : 'ते पत्र मी लिहिलं आहे. यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.' आणि पाठवून दिले.

मी माझ्या फोनवर बघत होतो. मग बांध फुटला. 'वहिनी, तुम्ही धन्य आहात.' 'काका, नशीबवान आहात हो!' 'नवऱ्यासाठी एवढं करणारी आजकाल कुठे मिळते?' कोणी फुले पाठवली, कोणी पाणावलेले डोळे. डॉक्टरांनी हात जोडले. वकीलसाहेबांनी लिहिले, 'वहिनींच्या भावनेचा आदर आहे. पण घरच्या साक्षीदाराची साक्ष आम्ही कोर्टातही तोलूनमापूनच घ्यायचो. आणि हा संदेशसुद्धा निर्दोष आहे. तो कोणी लिहिला, वेगळं सांगायला नको.'

शिवाय तिचा नंबर बहुतेकांच्या फोनमध्ये 'काका घरचा' असा साठवलेला आहे, हे मला नंतर ग्रंथपालबाईंनी सांगितले. म्हणजे तिने 'मी' लिहिले तेव्हा त्यांच्या पडद्यावर 'काका' उमटले होते.

मला राग आला. छापखान्याचे मालक त्या गटात आहेत, तरी मी लिहिले : 'स्मरणिकेची यादी हिनेच केली होती. तीन वर्षे माझी सगळी प्रुफे हीच तपासते. मला बारीक दिसत नाही. मी नुसती सही करतो.' आजवर कोणापाशी बोललो नव्हतो ते चाळीस जणांसमोर बोललो. आता काम जाणार, नाव जाणार, पण निदान हे लोक ऐकतील.

मालकांनी हसणारा चेहरा पाठवला. 'काका, विनोद भारी करता!'

दुसऱ्या गावाहून मुलीचा फोन आला. तिला कोणीतरी सगळे पाठवले होते. मी म्हणालो, "अगं, खरंच आईने लिहिलंय." ती समजूत काढायच्या आवाजात म्हणाली, "बाबा, जे झालं ते झालं. पण आईला कशाला पुढे करताय? तिला काय कळतं यातलं?" मी फोन कानापासून दूर धरला. ही समोरच शर्टाची घडी घालत होती. तिने ऐकले. घडी बरोबर बसली नाही म्हणून तिने ती मोडली आणि परत घातली.

दुपारपर्यंत कळले की आणखी एक गट तयार झाला आहे. त्यात आम्ही दोघे सोडून सगळे आहेत. संध्याकाळी डॉक्टरांचा खासगी संदेश आला : 'वातावरण निवळेपर्यंत काही महिने येऊ नये ही विनंती. वहिनी केव्हाही येऊ शकतात.'

"केव्हाही येऊ शकतात ना?" ही म्हणाली. "मग मी जाणार."

रविवारी मी तिला सोडायला गेलो. वर जायचे नव्हते, म्हणून जिन्यातल्या बाकावर बसलो. दिवाणखान्यासारखा तो हॉल, दार सताड उघडे, सगळे ऐकू येत होते. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "कोण सुरुवात करतंय?" आणि हिचा आवाज आला, "मी करते."

त्या महिन्याची कादंबरी दोन भावांची होती. थोरला सज्जन, धाकटा लबाड, असे मलपृष्ठावर छापलेले आहे. ही म्हणाली, "धाकटा लबाड आहे असं आपण धरून चालतो. मी मोजलं. अडीचशे पानांत तो तीनदा खोटं बोलतो. पान एकवीस, पान एकशे सहा आणि पान दोनशे दोन. तिन्ही वेळा समोरच्याला सोपं जावं म्हणून. थोरला एकदाही खोटं बोलत नाही, परंतु तो प्रत्येक खरं तेव्हाच बोलतो जेव्हा ते दुसऱ्याला लागेल. मग सज्जन कोण?"

ती अठरा मिनिटे बोलली. मध्ये चहा आला नाही. मी जिन्यात बसून ऐकत होतो आणि मला धक्क्यावर धक्के बसत होते. चौतीस वर्षे ज्या आवाजात मी स्वल्पविराम आणि पूर्णविराम ऐकले, त्या आवाजात हे सगळे होते? मी पुस्तके तिच्याकडून ऐकायचो ती गोष्ट म्हणून. पुढे काय झाले, एवढेच विचारायचो. तुला काय वाटले, हे कधी विचारले नव्हते. शेवटी थोरला दार उघडतो तो भाग तिने सांगितला तेव्हा आत कोणीतरी नाक ओढले. मग टाळ्या झाल्या. खऱ्या टाळ्या, कोरड्या नव्हेत. मी उभा राहिलो. मला वाटले, जिंकली.

"वा, वा, वहिनी!" डॉक्टरांचा आवाज भरून आला होता. "काकांनी काय सुंदर तयारी करून घेतली आहे!"

सगळे हसले. मायेनेच हसले, त्यात कुजकेपणा नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होते.

"मी म्हणत नव्हतो?" वकीलसाहेब म्हणाले. "ते 'परंतु' ऐकलंत ना? पत्रातही तेच होतं. हाच तो हात."

मी दारात जाऊन उभा राहिलो. चाळीस तोंडे माझ्याकडे वळली आणि काही तर हसलीही, जणू पडद्याआडचा दिग्दर्शक बाहेर आला. मी म्हणालो, "मी हे पुस्तक वाचलेलं नाही."

काहींनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या.

"एकही पान वाचलेलं नाही. घरात आहे ते वाचनालयाचं पुस्तक तिच्याच हातात होतं महिनाभर. शपथ घ्यायला तयार आहे."

वकीलसाहेब उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आता पुरे. आम्ही सगळे विसरलोय. या, चहा घ्या." आणि कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढली, तिच्या शेजारची.

मी बसलो नाही. ही उठली, पर्स घेतली, ग्रंथपालबाईंच्या टेबलावरून पुढच्या महिन्याचे पुस्तक उचलले आणि माझ्या पुढून जिना उतरली. आम्ही रस्त्यावर आलो. मला काहीतरी फोडावेसे वाटत होते. तिचा चेहरा मात्र नेहमीसारखा होता.

"खरंच एकही पान नाही वाचलंत?" तिने विचारले.

"नाही."

"अरेरे," ती म्हणाली. "मग मी शेवट सांगून टाकला की."

सहा वाजता गटावर बैठकीचे इतिवृत्त आले. ते दर महिन्याला डॉक्टर लिहितात आणि मी त्यातल्या चुका काढतो. सवयीने मी चष्मा लावला, अक्षर मोठे केले आणि ओळ ओळ पाहू लागलो. चौथ्या ओळीत होते : 'या वेळी काकांच्या वतीने वहिनींनी कादंबरीवर अतिशय अभ्यासपूर्ण विचार मांडले.'

मी ते वाक्य पाच वेळा वाचले. मग फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचले.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली आणि नवे पुस्तक घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.